अप्पांचे शेअर

"अप्पा, शेअरचा भाव आजही पडला." मी मोबाइल सासऱ्यांपुढे धरला. पंधरा दिवसांत अठरा लाखांचे चौदा झाले होते. माझ्या इराच्या कानांच्या ऑपरेशनला तेरा लागणार होते.

"पडू दे की. ब्याण्णव साली निम्म्यावर आला होता. मी हललो नाही, म्हणून नऊ हजारांचे एवढे झाले."

बत्तीस वर्षं ते पंपांच्या एकाच कारखान्यात राबले आणि शेअरही त्याचेच घेतले. दर दसऱ्याला त्या सर्टिफिकिटांना झेंडूचं फूल वाहायचे. डीमॅट झाल्यापासून मोबाइलला वाहतात.

 मी त्यांच्या पायाशी खेळणाऱ्या इराच्या पाठीमागे जाऊन चमच्याने स्टीलचं ताट जोरात वाजवलं. अप्पा दचकले. इरा ठोकळे रचत राहिली.

"डॉक्टर म्हणतात, ती तीन वर्षांची होण्याआधी व्हायला हवं, अप्पा. दोन महिने उरलेत."

त्यांनी वाकून नातीच्या कानावरून बोट फिरवलं. "सगळे विकून टाक," म्हणाले.

मी विक्रीचं बटण दाबलं. शेअर विकल्याचा मेसेज आला तसे अप्पा उठून गॅलरीत गेले. तिथूनच म्हणाले, "सूनबाई, उद्या भाव वाढला तर मला सांगू नकोस हं."