वरच्या मजल्याच्या सळया

हणमंत मिस्त्री सकाळपासून चौथ्यांदा गच्चीवर चढले. जन्मभर लोकांची घरं बांधणाऱ्या मिस्त्रींनी स्वतःच्या गच्चीच्या चारही कोपऱ्यांत कंबरभर सळया मोकळ्या सोडल्या होत्या. मुलगा नोकरीला लागला की वरचा मजला चढवायचा होता. त्याच्या नोकरीला अकरा वर्षं झाली आणि सळया गंजल्या. आता बायको त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालायची.

"पॅनल खाली परसातच बसव की," त्यांनी सोलरवाल्याला पुन्हा सांगून पाहिलं.

"काका, परसात दुपारनंतर शेजारच्या घराची सावली येते. गच्चीच बरी. फक्त या सळया कापाव्या लागतील."

मिस्त्री खाली गेले, परत वर आले. शेवटी त्यांनी मुलाला पुण्याला फोन लावला. त्यानं नुसतं "थांबा" म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"कापा की बाबा! कशाला ठेवल्यात अजून?" मुलगा हसत म्हणाला.

बायकोनं दोरी सोडली. कटर सुरू झाला तसे मिस्त्री ओरडले, "मुळापासून नको रे! वीतभर ठेव. पुढंमागं जोडता येतील."

वीतभर सळईला जोड देता येत नाही, हे गावात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.