कौतुकात अडकलेला पाळणा

परदेशी सुनेला दिवस गेले, तसा सुतार सासऱ्यांनी पाळणा करायला घेतला. पहिल्या फळीला रंधा मारून होतो न होतो, तोच सुनेने टाळ्या पिटल्या. "बाबा, अप्रतिम! तुमच्या हातात जादू आहे!"

सासऱ्यांनी रंधा खाली ठेवला आणि पेपर उघडला. अप्रतिम झालंच आहे, तर आणखी काय करायचं? सातवा महिना सरला तरी पाळणा आपला एका फळीचाच.

शेवटी सासूबाईंनी सुनेला स्वयंपाकघरात गाठलं. "तुमच्याकडची माणसं कौतुकावर चालत असतील. आमचे हे नाही चालत. मी उभा जन्म नावं ठेवली, म्हणून या घरात कपाट, टेबल, पलंग झाले."

दुसऱ्या दिवशी सुनेने मन घट्ट केलं. "बाबा, जमत नसेल तर राहू द्या. विकतचा आणू."

"विकतचा?" सासरे ताडकन उठले.

आठवड्यात पाळणा उभा राहिला. झोका दिला तरी जराही कुरकुरेना. सुनेचे हात टाळीसाठी उठलेच होते, तेवढ्यात सासूबाईंनी चिमटा काढला.

"बरा आहे," ती कशीबशी म्हणाली.

सासरे लाजून चूर झाले. "पुरे गं! इतकं हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस मला."