चारचा गजर

ज्या वर्षी आजोबांना झटका येऊन गेला, त्याच वर्षी नात कॉलेजच्या वसतिगृहात राहायला निघाली. तिचा बाप शिंपी. कपड्यांच्या नेटक्या घड्या घालून त्याने तिची ट्रंक भरली आणि शेवटी फळीवरचं गजराचं घड्याळ कोपऱ्यात खोचलं.

“बाबा, ते नको. मग आजोबांची चारची गोळी?”

“तिकडे तुला सकाळी उठवणार कोण? गोळीचं मी बघतो. चारच्या चहाची मला कधी कुणी आठवण करून दिलीय का?”

खाटेवरून आजोबा हसले. “ने गं बाळ. कपडे वेळेवर देईल तर तो शिंपी कसला! पण माझी गोळी नाही चुकवायचा तो.”

पहिला आठवडा नेमाने गेला. मग शाळेच्या गणवेशांचं काम आलं आणि शिंप्याने मशीनवरून मान वर केली नाही. चहासुद्धा शेजारी गार होऊन जायचा. आजोबा खाटेवरून बघत राहायचे, पण त्याच्या कामात खोळंबा नको म्हणून बोलायचे नाहीत.

निरोप मिळताच नात परत आली ती घड्याळ घेऊनच. तिने ते फळीवर जागच्या जागी ठेवलं.

“गजर मी बदललाच नाही, बाबा. रोज चारला वाजायचा. मैत्रिणी वैतागायच्या. मी म्हणायचे, आत्ता माझे बाबा आजोबांना गोळी देत असतील.”

शिंप्याने खिशातली गोळ्यांची पट्टी मुठीत दाबून धरली. तिच्यात हिशेबापेक्षा चार गोळ्या जास्त उरल्या होत्या.

आजोबा मंगळवारी गेले होते, दुपारी चार वाजून गेल्यावर.