रंग कुठे गेला

"तिसऱ्यांदा सांगते, तुम्ही नको ते टाकता म्हणून संडासाची लाइन तुंबते," मालकीणबाई म्हणाल्या.

"काकू, आम्ही दोघंच. काय टाकणार?" भाडेकरूची बायको दारातच उभी होती. "आणि महिना-दोन महिने झाले, तुंबत नाहीच. पाणी झर्रकन जातं. पण वासानं घास उतरत नाही."

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. पाणी जात नव्हतं तेव्हा तक्रार, जातंय तरी तक्रार. घर जुनं. गेल्या वर्षी छत गळलं, मग वायरिंग जळलं, आता हे. भाडं एका दारानं यायचं आणि दुसऱ्यानं पळायचं.

प्लंबरनं संडासात हिरवा रंग कालवलेल्या दोन बादल्या ओतल्या. मग तिघंही रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण काढून उभी राहिली. अर्धा तास गेला. तास गेला. चेंबर कोरडा ठणठणीत.

"रंग कुठे गेला?" मालकीणबाईंनी विचारलं.

"तोच तर घोळ आहे, ताई. तुंबलं असतं तर पाणी वर आलं असतं. वरही नाही, इथंही नाही. पाइप मध्येच फुटलाय. सगळं जमिनीत मुरतंय."

"मग?"

"फरशी फोडायची, तीस फूट खणायचं, नवा पाइप टाकायचा." त्यानं आकडा सांगितला.

"मी पाइप म्हटलं, बंगला नाही."

"फरशीच्या खाली आहे ना तो. मी काय करू?"

तेवढे पैसे कपाटात होते, पण ते लेकीच्या तपासण्यांसाठी. दीड महिना तिचा ताप हटत नव्हता. पोरगी वाळून काटकी झाली होती. तीन डॉक्टर झाले, कुणाला निदान सापडेना. आता मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं.

"मुरतंय ना? मुरू दे," मालकीणबाई म्हणाल्या. "लेकीचं निस्तरलं की बघू."

"काकू, मी नाकाला रुमाल बांधून स्वयंपाक करते."

"खिडकी उघडी ठेव."

दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीतलं फाटक त्यांनी जरा जोरातच लावलं. आपलं काही चुकलं असं त्यांना वाटलं नाही. आधी पोरगी, मग पाइप. यात विचार करण्यासारखं काय होतं?

पुढचे चार दिवस दवाखान्यात गेले. रक्त घेतलं, फोटो काढले, कपाट रिकामं झालं. "रिपोर्ट यायला दोन दिवस लागतील," डॉक्टर म्हणाल्या. "तोवर भरपूर पाणी पाजा."

घरी आल्याबरोबर मालकीणबाईंनी लेकीला खिडकीजवळ झोपवलं आणि परसातल्या बोअरचा पंप सुरू केला. अंधाऱ्या स्वयंपाकघरात नळाखाली काचेचा ग्लास काठोकाठ भरला, तिच्या हातात दिला आणि त्या औषधांची पिशवी उलगडू लागल्या.

"सगळा पी. एक घोटही उरवायचा नाही."

लेकीनं अर्धा ग्लास संपवला. मग तो उजेडात धरून पाहिला.

"आई, यात हिरवं काय घातलंस?"