मुलीला हरवायचंय

"गणिताचं नको," तो म्हणाला. "ते मला जमतं. चेहऱ्याचं द्या."

पुस्तकांच्या दुकानातल्या बाईंनी पोकरवरची पुस्तकं काउंटरवर मांडली होती. एक शक्यतांचं, एक डाव कधी सोडावा याचं, एक गाजलेल्या सामन्यांतले डाव उलगडून दाखवणारं. शेवटचं अगदी पातळ होतं. आपल्या मनातलं समोरच्याला कळू कसं द्यायचं नाही, एवढंच त्यात होतं. त्यानं तेच उचललं.

हरता कुणाकडून, असं बाईंनी विचारलं.

"मुलीकडून. तिला एकदा हरवायचंय. ती जायच्या आत."

त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. जळलेल्या मोटरी उघडायच्या, तांब्याची तार नव्यानं भरायची, वॉर्निश देऊन वाळवायच्या. मुलगी त्याच वासात वाढली. शाळेतून आली की दप्तर फेकून तार गुंडाळायला बसायची. आता ती जनरेटरची इंजिनिअर झाली होती आणि दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फातल्या एका संशोधन केंद्राची वीज सांभाळायला तिची निवड झाली होती. एवढ्या अर्जांतून तिची एकटीची. जहाज तिला सोडून परतलं की बर्फ फुटेपर्यंत तिकडे ना जाणं, ना येणं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो हे सांगायचा. मोटर न्यायला आलेल्याला सांगायचाच, नुसता पत्ता विचारायला थांबलेल्यालाही सोडायचा नाही.

रविवारी दुपारी घरी पोकरचा अड्डा जमायचा. बाप, लेक आणि मेहुणा. मुलीची आई गेल्यापासून मेहुणा जवळजवळ तिथंच राहायला होता. डावावर पैशांऐवजी दुकानातले वायसर लागायचे, आणि ते सगळे शेवटी मुलीपुढे जमायचे.

"भाऊजी, तुमचा चेहरा म्हणजे शोकेस आहे," मेहुणा म्हणायचा. "काच पुसायचीसुद्धा गरज नाही."

खरं तर मुलीची नजरच तशी होती. मोटर आपोआप बंद पडली, असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकानं ती पाण्याशिवाय कोरडी चालवली होती, हे तिला त्याच्या उभं राहण्यावरून कळायचं. मामानं सिगरेट पुन्हा सुरू केली, तर तोंड उघडायच्या आत पकडायची. बापानं ताटात दोन घास तसेच टाकले तेही तिला दिसले होते. मागे लागून तिनंच त्याला डॉक्टरकडे पाठवलं होतं.

पातळ पुस्तक त्यानं पाठ केलं. चेहरा दगडासारखा ठेवा, असं त्यात म्हटलं होतं. रविवारी तो दगडासारखा बसला. मुलीनं एकदाच वर पाहिलं आणि डाव सोडून पत्ते खाली ठेवले.

"बाबा, एवढा गप्प आहेस म्हणजे पत्ते भारी आहेत."

होतेच.

तो पुस्तक घेऊन परत पुस्तकांच्या दुकानात गेला. बाईंनी या वेळी त्याला बसवून घेतलं. नुसतं पुस्तक पुरणार नाही, सामन्यांचे व्हिडिओ आवाज बंद करून बघा, असं त्यांनी सुचवलं. आणि एक जाड पुस्तक काढून दिलं. एका म्हाताऱ्या खेळाडूनं लिहिलेलं. त्याचं म्हणणं वेगळं होतं: चेहरा लपवायला जाऊ नका, त्याला दुसरं काम द्या. खोटं बोलायच्या वेळी मनात काहीतरी खरं आणा, तुम्हाला मनापासून आवडणारं. चेहरा त्याच्या मागे जाईल.

हे त्याला पटलं. सकाळी दाढी करताना तो आरशासमोर सराव करू लागला. दुकानात गिऱ्हाइकांवर करून पाहिला. मेहुणा तर पुरता फसू लागला. दर डावाला तो कपाळावर हात मारून घ्यायचा आणि शोकेसला शटर कुणी लावलं, म्हणून विचारायचा. मुलगी मात्र हाती लागत नव्हती.

शेवटचा रविवार आला. तिच्या बॅगा दाराशी रचून ठेवल्या होत्या. त्या डावात त्याच्याकडे काहीच नव्हतं. साधी जोडीसुद्धा नाही. त्यानं पुढ्यातले सगळे वायसर मधे सरकवले आणि मनात आणली ती मुलीनं पहिल्यांदा एकटीनं भरलेली मोटर. बटण दाबल्यावर ती फिरली होती, आणि काळ्या हातांनी मुलगी नाचली होती.

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मग तिनं पत्ते टाकले. तीन राण्या होत्या.

त्यानं आपले पत्ते उलटे केले. मेहुणा खुर्चीवरून उठलाच. मुलगी टेबलाला वळसा घालून आली आणि बापाच्या गळ्यात पडली. आपण हरलो याचं तिला एवढं कौतुक वाटत होतं, की तिनं लगेच दोन मैत्रिणींना फोन करून सांगितलं. त्याची छाती फुगली होती. संध्याकाळभर तो घरात उगाचच इकडून तिकडे फिरत होता.

सकाळी गाडी दाराशी लागली. बॅगा चढल्या. मेहुणा ड्रायव्हरला रस्ता समजावत होता. मुलगी पायरीवर थांबली.

"बाबा, रिपोर्टचं काय झालं? खरं सांग. तसं काही असेल तर मी जहाजात चढणार नाही."

"पित्त आहे," तो म्हणाला. "गोळ्या दिल्यात. जागरणं कमी करा म्हणाले."

तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो हसला.

"वेळेवर जेवत जा," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

कोपऱ्यावर वळताना तिनं खिडकीतून हात काढून हलवला. गाडी दिसेनाशी झाली तरी दोघं फाटकाशी उभे होते. मेहुणा नाक पुसत म्हणाला, की पोरीनं नाव काढलं. त्यानं मान डोलावली.

"काढलंच," तो म्हणाला. "जहाज परत येईल तेव्हा तिला आणायला बंदरावर तू जा. डॉक्टर म्हणाले, मी तोवर नाही."