बोलकं मौन

“कौतुक चाललंय ना तुझं? मग मध्ये तोंड घालू नकोस, बाळा!” लहानपणी आई अशी दटावायची. तेच आठवून दिग्दर्शक मंचावर ओठ मिटून उभा होता. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्याच्या हाती देऊन परीक्षकांचे प्रमुख गहिवरून बोलत होते, “अख्ख्या सिनेमात एक शब्द नाही, एक सूर नाही! इतकं बोलकं मौन आम्ही आजवर पाहिलं नव्हतं.” टाळ्यांनी सभागृह दणाणलं.

पहिल्या रांगेत बसलेली त्याची ताई तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. सिनेमाभर पेरलेली गाणी तिची होती. शब्द तिचे, चाली तिच्या, गळाही तिचाच. घसा बसेपर्यंत गायली होती बिचारी. तिचे डोळे भरून आलेले दिसले आणि त्याला राहवेना. पुरस्कार टेबलावर ठेवून त्याने माइक ओढला.

“माफ करा, पण माझा सिनेमा मुका नाही हो! तुम्ही पाहिलात तेव्हा आवाज चुकून बंद राहिला असणार.”

प्रमुखांनी माइकवर हात ठेवला आणि त्याच्या कानाशी लागून ते हळूच म्हणाले,

“चुकून नाही, बाळा. पहिलं गाणं ऐकलं आणि आम्ही एकमताने बंद केला.”