संकष्टीचं साखरपाणी

दूर्वा निवडता निवडता माझी बोटं हलकी झाली, जणू दुसऱ्या कुणाची. संकष्टी होती. सकाळी इन्सुलिनची सुई टोचून घेतली होती, पोटात मात्र पाण्याशिवाय काही नव्हतं.

"आई, सुई घेतलीत तर खायलाच हवं," सून हेमलता सकाळीच म्हणाली होती. "इन्सुलिन पेशींची दारं उघडून रक्तातली साखर आत पाठवतं. तुम्ही खाल्लं नाहीत तर रक्तात उरेल काय?"

"तू शिकव आता मला," मी म्हटलं होतं. चाळीस वर्षांत न मोडलेला उपास सुनेच्या सांगण्यावरून मोडणारी मी नव्हे.

आता देवघर विरघळलं आणि माझं लग्नघर दिसू लागलं. खोल्यांची दारं सताड उघडी होती. पाहुणे हसत हसत आत निघाले होते आणि मांडव रिकामा होत होता. मी थांबवायला गेले तर हाक फुटेना. अंगाला घाम सुटला होता, तरी वाटत होतं, असंच तरंगत राहावं.

ओठांना वाटी लागली. साखरपाणी. मी दात आवळले.

"गिळा, आई! बाप्पाला काय सांगायचं ते मी सांगते." हेमलतेनं माझी मान आधाराला धरली.

मी गिळलं. मांडवात एकेक पाहुणा परतू लागला. हळूहळू देवघर जागेवर आलं. हेमलता रडत होती.

"रडतेस काय? साखर कमी घातलीस," मी म्हटलं. "जा, दोन पानं वाढ. माझ्या धाकानं तूही सकाळपासून उपाशी आहेस, ठाऊक आहे मला."